सीमेवर कुणीच अडवलं नाही

आजरा ते हरमल. एक दिवस, एक घाट, एक सीमा आणि अकरा सायकली. पुढच्या लाँग वीकेंडला काय करायचं हा प्रश्न पडला असेल, तर वाचाच!

सकाळचे साडेसहा. आजऱ्याच्या एसटी स्टँडसमोरची टपरी. नोव्हेंबरची मस्त थंडी आणि चहाचा दुसरा ग्लास. आदल्या रात्री पुण्याहून टेम्पोत घालून आणलेल्या सायकली भिंतीला टेकवून ठेवलेल्या. आम्ही अकरा जण. तीन आयटीवाले, एक डेंटिस्ट, एक बँकेतली मॅनेजर, नुकतंच लग्न झालेलं एक आर्किटेक्ट कपल, रविवारी न चुकता सिंहगड करणारे तिघे आणि अकरावी मी. कॉलेज सुटल्यावर सायकलला हातही न लावलेली, गेले दोन महिने पहाटे उठून कशीबशी प्रॅक्टिस केलेली.

आमच्या लीडरला सगळे दादा म्हणतात. त्याने प्लॅन सांगितला. ‘‘साडेअकरापर्यंत घाट खाली. एकला सावंतवाडीत जेवण. साडेपाचला हरमलच्या बीचवर. सनसेट चुकवायचा नाही!’’

‘‘आणि पत्रादेवीला दहा मिनिटं,’’ मी म्हटलं.

‘‘बघू,’’ दादा म्हणाला. ‘बघू’ म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच.

पत्रादेवी हे बांद्याच्या पुढचं, गोव्याच्या हद्दीतलं पहिलं गाव. १५ ऑगस्ट १९५५ला माझे आजोबा तिथे होते. वय वर्षं वीस. पुण्याहून सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर गेले, चालत सीमा ओलांडली, पोर्तुगीज पोलिसांच्या बंदुकीच्या दस्त्यांचा मार खाल्ला आणि पुन्हा अलीकडे ढकलले गेले. डावा हात कोपरातून कधी सरळ झालाच नाही. त्याच हाताने हँडल धरून त्यांनी पुढे तीस वर्षं सायकलवरून नोकरी केली. गोव्याला मात्र पुन्हा गेले नाहीत. का, ते आम्ही कुणी कधी विचारलंही नाही.

नदीच्या उलट्या दिशेने

आजरा ते आंबोली साधारण ३५ किलोमीटर. ‘घाट आहे’ म्हटलं की आपण चढाला घाबरतो, पण या बाजूने यायची गंमत अशी की आपण आधीच वर असतो! रस्ता सौम्य चढ-उतारांचा. कापणी झालेली भातखाचरं, मध्येच ऊस, मग हळूहळू दाट होत जाणारी झाडी. आजरा हे हिरण्यकेशी नदीकाठचं गाव आणि आंबोली हे तिचं उगमस्थान. म्हणजे आपण नदीच्या उलट्या दिशेने पेडल मारत असतो.

आंबोलीत गुहेतून येणारं तिचं पाणी बघायला आम्ही थांबलो. इथल्या कुंडात एक छोटा मासा सापडला. २०२० मध्ये विज्ञानाने नवी प्रजाती म्हणून त्याची नोंद केली आणि नाव दिलं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळे पाय बुडवायचा मोह आवरा, बघा आणि निघा.

हे पाणी पूर्वेला जातं. घटप्रभेला, मग कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. इथून थोडं पुढे घाटात पडणारा पाऊस मात्र अरबी समुद्रात जातो. म्हणजे दिवसातली पहिली सीमा आंबोलीतच लागते. तिच्यावर चौकी नाही, बोर्ड नाही.

घाट उतरताना

आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर. तिथून दाणोलीपर्यंत रस्ता कोकणात उतरतो. सुरुवातीला धुकं इतकं की पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसत होता. दादाने आधीच सांगितलं होतं, ‘‘ब्रेक दाबून धरू नका. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक वापरा. आणि वळणाच्या आत नाही, वळणाच्या आधी स्लो व्हा.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर आमचा एक आयटीवाला ओल्या पाल्यावरून सर्रकन घसरला! हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. कोपर मात्र चांगलंच सोललं. डेंटिस्टने ड्रेसिंग केलं (‘‘दात सोडून काहीतरी केलं बुवा आज!’’). माकडं कठड्यावर बसून सगळा कार्यक्रम बघत होती. वाकलेलं हँडल सरळ करण्यात पाऊण तास गेला.

मी सगळ्यात शेवटी, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून, हात थरथरत खाली आले. पण खाली आले! दाणोलीला हवा एकदम बदलते. जॅकेट निघतं, माड दिसायला लागतात आणि नारळपाणीवाली विचारते, ‘‘खंयसून इलात?’’

सोलकढी आणि वादावादी

सावंतवाडीत पोहोचायला दोन वाजले. मोती तलाव, समोर राजवाडा, बाजारात लाकडी खेळण्यांची दुकानं. खरं तर इथे एक दिवस राहायला हवं. आम्ही फक्त जेवलो. सुरमईची थाळी, वर दोन वाट्या सोलकढी. शाकाहारी मंडळींनी उसळ आणि घावण्यांवर ताव मारला.

जेवताना विषय निघालाच. पाऊण तास उशीर झालाय, सनसेट गाठायचा तर आता कुठेही थांबायचं नाही. ‘‘स्मारक काय, गाडीने येताना कधीही बघता येईल,’’ सिंहगडवाल्यांपैकी एक म्हणाला. चूक काहीच नव्हतं त्यात. सगळे महिनाभर त्या बीचची स्वप्नं बघत होते. मी गप्प बसले. ग्रुपमध्ये सगळ्यात स्लो असलेल्या माणसाला मत फार नसतं.

दोन पावलांचं अंतर

सावंतवाडी ते बांदा बारा-तेरा किलोमीटर. बांद्याला तेरेखोल नदी लागते आणि पुढे हायवेवरून काही मिनिटांतच सीमा. चेकपोस्टवर ट्रकची रांग, गाड्यांची तपासणी. सायकलींकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पुढचे दहा जण ‘गोवा!’ असं ओरडत, हात हलवत निघूनही गेले.

मी उतरले.

पलीकडचा पेडणे तालुका एकेकाळी सावंतवाडीकरांचाच. १७८८ मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला आणि एकच बोली बोलणाऱ्या गावांमधून परक्या राज्याची सीमा गेली. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, तरी ही रेघ तशीच राहिली. १५ ऑगस्ट १९५५ला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणी ती ओलांडायला गेले. पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसं गेली. इथे पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदरादेवी राय गोळ्या लागून जखमी झाल्या. त्या पुढे लोकसभेवर निवडून आल्या. पंजाबच्या इसरू गावचा कर्नेलसिंग हा तरुण शिक्षक मात्र इथेच हुतात्मा झाला. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं होतं. पंजाबातून इतक्या लांब, कधी न पाहिलेल्या गोव्यासाठी!

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. १९६७च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. म्हणजे सीमा राहिली, पण ती आता त्यांनी स्वतः मत देऊन ठेवलेली.

हुतात्मा स्मारकासमोर उभी राहून मी घरी व्हिडिओ कॉल लावला. आजोबा आता नव्वदी ओलांडलेले. फोन त्यांच्यासमोर आईने धरला होता.

‘‘आजोबा, मी पत्रादेवीला आहे. सायकलवर आलेय.’’

मी कॅमेरा फिरवून दाखवला. चौपदरी हायवे, ट्रक, वरून मोपा विमानतळाकडे उतरणारं विमान. त्यांना काहीच ओळखू येईना. ‘‘झाडी होती गं सगळी,’’ म्हणाले. ‘‘आणि चिखल. पाऊस होता ना.’’ मग जरा थांबून विचारलं, ‘‘तुला अडवलं का कुणी?’’

‘‘नाही आजोबा. बघितलंसुद्धा नाही कुणी.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘पाणी पी. ऊन आहे.’’

फोन ठेवून वळले, तर दादा परत आलेला. त्याच्या मागे कोपराला बँडेज बांधलेला आयटीवाला, मग बँकवाली, मग हळूहळू सगळेच. मी दिसत नाही म्हणून शोधायला आले होते. कुणी काही विचारलं नाही. सायकली स्टँडला लावल्या आणि सगळे आत आले. दहा मिनिटांची पंचवीस झाली. सनसेट अर्थातच चुकला!

पेडण्याच्या उतारावर अंधार पडला. दिवे लावून, एकामागोमाग एक, मला मधोमध ठेवून आम्ही हरमलला पोहोचलो, तेव्हा समुद्र नुसता ऐकू येत होता. चालतंय की. सनसेट काय, रोज असतो.

तुम्हाला जायचंय?

* रूट : आजरा – आंबोली – दाणोली – सावंतवाडी – बांदा – पत्रादेवी – पेडणे – हरमल. शंभरपेक्षा थोडं जास्त अंतर. नवशिक्यांनी आंबोलीत मुक्काम करून दोन दिवसांत करावं.
* कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आंबोली सुंदर असते, पण निसरडा रस्ता, धुकं आणि पर्यटकांची गर्दी यात सायकल नको.
* सायकल : गिअरची हवी. निघण्याआधी ब्रेक पॅड तपासा. जादा ट्यूब, पंप, पुढे-मागे दिवे मस्ट!
* हायवेवर : बांद्यापासून पुढे ट्रक वेगात असतात. कडेने, एका ओळीत चला.
* पत्रादेवी : दहा नाही, अर्धा तास ठेवा.