लोहगड-विसापूरची प्रदक्षिणा

चेंबूरच्या मुलांस डोंगर ठाऊक असतो, परंतु तो लांबूनच. आमच्या शाळेच्या गच्चीवरून तुर्भ्याचा डोंगर नित्य दिसतो. पावसाळ्यात तो हिरवागार होतो, उन्हाळ्यात करपून जातो. आम्हांस मात्र त्यावर चढण्याची मुभा नाही. कारण त्याच्या कुशीत अणुसंशोधनाचे केंद्र आहे. यास्तव दिवाळीच्या सुट्टीत लोहगड व विसापूर या जोडकिल्ल्यांची प्रदक्षिणा करावयाची, असे गुरुजींनी जाहीर केले, तेव्हा आम्हां दहावीच्या मुलांच्या आनंदास पारावार उरला नाही. आम्ही तेरा विद्यार्थी व दोन शिक्षक होतो. निघण्यापूर्वी प्रार्थना झाली आणि गुरुजींनी एकच आज्ञा केली, "कोणीही पुढे पळावयाचे नाही व कोणासही मागे टाकावयाचे नाही."

दादरहून पहाटेच्या गाडीने लोणावळा व तेथून पुण्याच्या लोकलने मळवली गाठली. द्रुतगती महामार्ग ओलांडला की भाजे गाव लागते. गावाच्या माथ्यावर बावीस लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वी सुमारे दुसऱ्या शतकात कोरण्यास आरंभ झाला. चैत्यगृहाच्या दगडी छतास लाकडाच्या कमानदार फासळ्या बसविलेल्या आहेत व इतक्या शतकांनंतरही त्या जागच्या जागी आहेत. दगडाच्या छतास लाकडाचा आधार कशास हवा, असे आम्ही विचारले. गुरुजी म्हणाले, "आधारासाठी नव्हे. त्या काळचे कारागीर लाकडी इमारती बांधीत. दगड कोरू लागल्यावरही जुन्या घराची आठवण त्यांच्या हातांतून गेली नाही."

भाज्याहून चढण चढून गायमुख खिंडीत आलो. येथे एका हातास लोहगड व दुसऱ्या हातास विसापूर असे दोन बंधू उभे आहेत. लोहगडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी हे लहानसे गाव आहे. तेथे ताक पिऊन आम्ही गडाच्या पायऱ्या चढू लागलो. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वाट इतकी नागमोडी आहे की खालून येणारा शत्रू प्रत्येक वळणावर वरच्या पहारेकऱ्याच्या दृष्टीस पडावा. शिवाजी महाराजांनी हा गड १६५७ मध्ये घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांस द्यावा लागला व १६७० मध्ये परत मिळविला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात समाविष्ट केले, त्यांत हाही आहे.

माथ्यावरून डोंगराची एक लांब, चिंचोळी सोंड पुढे गेली आहे. तिला विंचूकाटा म्हणतात. तेथे बसून आम्ही शिदोरी सोडली. खाली पवनेचा जलाशय चकाकत होता, पलीकडे तुंग व तिकोना दिसत होते. मागे वळून पाहिले तेव्हा ध्यानात आले की विसापूर लोहगडाहून उंच आहे. त्यावर गुरुजींनी १८१८ ची हकीकत सांगितली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात इंग्रजांच्या फौजेने प्रथम विसापूर घेतला. शेजारचा उंच गड शत्रूच्या हाती गेल्यावर लोहगडाचे हे चारही दरवाजे निरुपयोगी ठरले आणि दुसऱ्याच दिवशी तोही गेला. "ज्याचा शेजारी पडला, त्याचे बळ किती काळ टिकणार?" असे गुरुजी म्हणाले. आम्ही माना डोलावल्या व पुढल्या दोन तासांत ते वाक्य साफ विसरलो.

आमच्यात एक सोबती असा होता की त्यास लहानपणापासून दम्याचा विकार. तो चार पावले चाले व क्षणभर थांबे. लोहगडावरच आमचा बराच वेळ गेला होता. गड उतरून विसापूरच्या रानात शिरलो, तेव्हा आम्हां पाच जणांस ही मंद चाल असह्य झाली. "याच्यामुळे अंधार पडेल," असे एकाने म्हटले व ते त्याने ऐकले, हेही आम्ही पाहिले. तरीही आम्ही वाटेच्या वळणाचा फायदा घेऊन पुढे सटकलो.

पावसाळा नुकताच सरला होता. गवत कमरेइतके वाढले होते. एके ठिकाणी वाटेस दोन फाटे फुटले. वरचा फाटा गडाकडे जाणारा वाटला म्हणून तोच धरला. पाव तास चढलो, तो पुढे वाट अरुंद होत होत एका घळीच्या तोंडाशी नाहीशीच झाली. समोर उभा कडा, पायांखाली सुटे दगड व उजव्या अंगास खोल दरी. मागे वळून पाहतो तो गवतात आपण कोठून आलो तेही कळेना. आम्ही हाका मारल्या. कड्याने त्या आम्हांसच परत केल्या. एकाचा पाय दगडावरून निसटला व तो दगड बराच वेळ खाली आपटत गेला. तो आवाज ऐकल्यावर कोणी कोणाशी बोलेना.

किती वेळ गेला कोण जाणे, खालून शिटी वाजली. मग गुरुजींची हाक आली, "आहात तेथेच थांबा!" ते स्वतः चढून आले व एकेकास हात देऊन त्यांनी आम्हांस खाली उतरविले. फाट्यापाशी बाकीची मंडळी उभी होती आणि आमचा तो सोबती दगडावर बसून धापा टाकीत होता. आम्ही त्या फाट्याने गेल्याचे इतर कोणासही ठाऊक नव्हते. यानेच मागून आमच्या पाच पांढऱ्या टोप्या गवतात वर वळताना पाहिल्या होत्या. त्याच वेळी वाडीतली एक आजी गवताचा भारा घेऊन आली. तिला त्याने वाट विचारली. "वरली वाट गुरांची, बाळा. ती फुडं मरती," असे ती म्हणाली. हे ऐकताच त्याने सर्व शक्तीनिशी धावत जाऊन गुरुजींस गाठले. ज्यास चालणेही कठीण, तो आमच्यासाठी धावला होता!

हरवलेल्या मेंढराची गोष्ट आम्ही शाळेत अनेकदा ऐकली आहे. त्या दिवशी मात्र हरवलेली मेंढरे पाच होती आणि त्यांची चिंता वाहणारे मेंढरू कळपात सर्वांत दुबळे होते. पुढे धावणाऱ्यास मागचे कोणी दिसत नाही. मागून येणाऱ्यास मात्र सारेच दिसतात.

त्यानंतर त्यास सर्वांत पुढे घालून, त्याच्या चालीने आम्ही विसापूर चढलो. तेथील विस्तीर्ण पठार, लांबच लांब तटबंदी, पाण्याची टाकी व चुना मळण्याचे प्रचंड दगडी चाक पाहिले. मग ओल्या पायऱ्यांच्या वाटेने सावकाश भाज्यास उतरलो आणि प्रदक्षिणा पुरी झाली. दिवेलागण झाली होती खरी, परंतु गाडी चुकली नाही.

मळवलीच्या फलाटावर गुरुजी आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत. आमचा सोबतीही बोलला नाही. त्याने उरलेल्या चकल्या आमच्यापुढे धरल्या. त्या आम्ही मान खाली घालून घेतल्या, पण क्षमा मागण्याचे धैर्य झाले नाही. घरीही आम्ही केवळ गडांचेच वर्णन केले. आज आमचे वडीलमाणसे हे पान वाचतील व त्यांस खरा प्रकार कळेल, तो कळावा. आणि मित्रा, त्या संध्याकाळी जी मागावयाची राहून गेली, ती क्षमा आम्ही पाचही जण येथे, सर्वांदेखत, तुझ्याजवळ मागत आहोत.