काळी, पांढरी आणि घर : अंजनगाव सुर्जीचा वास्तुपाठ

सातपुड्याच्या पायथ्यापासून थोडे दक्षिणेस, शहानूर नदीच्या काठी अंजनगाव सुर्जी वसले आहे. अंजनगाव आणि सुर्जी या दोन वस्त्यांचे हे जोडनाव. इतिहासाच्या पुस्तकात ते एका तहापुरतेच भेटते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तह येथे झाला व इंग्रजांच्या वतीने आर्थर वेलस्ली यांनी तो केला. वऱ्हाडच्या बाजारपेठेत मात्र हे गाव कापूस, विड्याची पाने आणि पानपिंपळी यांसाठी ओळखले जाते. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ याच गावावरून जात असे. कापसाच्या गाठी वाहून नेण्यासाठीच तो मार्ग टाकला गेला होता. त्या व्यापारातून वऱ्हाडातील गावोगावी पेढ्या उभ्या राहिल्या आणि पेढ्यांमागे वाडे. त्यांतले बरेचसे आज पाडायचे की राखायचे, या विचारावर येऊन थांबले आहेत. तो निर्णय घेण्यापूर्वी घर मुळात कशाच्या आधारावर उभे राहते, हे समजून घेणे हिताचे ठरेल.

दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या दहा भागांच्या ग्रंथात चांगल्या इमारतीची तीन लक्षणे सांगितली : दृढता, उपयुक्तता आणि सौंदर्य. आपल्याकडे भोजराजाच्या नावे असलेला अकराव्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथही नगरापासून घरापर्यंतच्या रचनेचा विचार करतो. वऱ्हाडच्या गवंड्याने आणि सुताराने यांतला एकही ग्रंथ वाचला नसेल. तरीही ही तीन लक्षणे त्याच्या कामात सापडतात.

पहिले लक्षण दृढतेचे. वऱ्हाडची माणसे जमिनीला दोनच नावांनी ओळखतात : पिकवते ती काळी, वसवते ती पांढरी. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला, तर दरसाल घर थोडे उचलले जाते, थोडे खचते आणि भिंतीला तिरपी चीर जाते. म्हणून जुने गावठाण पांढरीच्या उंचवट्यावर असे. आज वस्ती पांढरी ओलांडून काळीत पसरली आहे. तेथे पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, अथवा जमिनीत खोल जाऊन तळाशी रुंदावणारे काँक्रीटचे खांब घ्यावे लागतात. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो वाचवण्याचा मोह होतो. गाविलगडाची हकीकत येथे आठवते. तीन बाजूंनी तुटलेले कडे असलेला तो बळकट किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी पडला, तो उत्तरेकडून. तिकडे गड डोंगराच्या पठाराला जोडलेला होता आणि इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत नेमक्या त्याच बाजूला आणल्या. त्यानंतर पंधरवड्याच्या आत सुर्जी अंजनगावचा तह झाला. बांधकामाची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या जागेवरून मोजली जाते, मग तो गड असो वा घर.

दुसरे लक्षण उपयुक्ततेचे. जुन्या व्यापारी वाड्यात दाराशी ढेलज, तिला लागून पेढीची बैठक, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर आणि मागे परसात आड, असा क्रम आढळतो. गिऱ्हाईक बैठकीपर्यंत, नातलग ओसरीपर्यंत, घरची माणसे माजघरापर्यंत. कोणी कुठवर यायचे हे पाटी न लावता रचनाच सांगते. स्वयंपाकघराचीही अशीच गोष्ट. ज्या कुटुंबात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत आहे, तेथे मावळतीचा उजेड ताटापर्यंत पोचणे ही गरज आहे. ताटात आणि पाण्यात काय आहे हे नीट दिसले पाहिजे, हा त्या रीतीचा हेतू. दिवसाही दिवा लावावा लागणारे नवे स्वयंपाकघर कितीही गुळगुळीत असले, तरी त्या हेतूला ते उणेच पडते. कुटुंब कसे जगते हे आधी विचारावे आणि मग भिंतींच्या रेघा ओढाव्यात, एवढाच या लक्षणाचा अर्थ.

वऱ्हाडात आणखी एक परीक्षक आहे : वैशाखाचे ऊन. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कोणती भिंत खरी ते कळते. दोन-अडीच फूट जाडीची मातीची भिंत उन्हाची धग हळूहळू शोषते आणि ती आत पोचेपर्यंत रात्र होते. सागवानी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले धाबेही असेच वागते. रात्री चौकातील गरम हवा वर निघून जाते आणि ओसरीवर गारवा उतरतो. उलट पाच इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि माणसे झोपायच्या वेळी ती धग खाली सोडतो. सावलीचे हेच शास्त्र अंजनगावच्या पानमळ्यातही दिसते. बारी समाजाने पिढ्यानपिढ्या जपलेल्या या मळ्यांत शेवरी-पांगाऱ्यासारख्या झाडांच्या आधाराने वेल चढतो, दाट कुंपण उष्ण वारा अडवते आणि आत ओलावा टिकतो. छप्पर नसलेले ते घरच म्हणावे.

तिसरे लक्षण सौंदर्याचे. त्यासाठी परतवाड्यावरून पुढे मुक्तागिरीला जावे. सातपुड्याच्या कुशीत ५२ मंदिरांचा तो समूह आहे. डोंगर सपाट करून मंदिरे मांडलेली नाहीत. उतार जसा वळला तशी ती वळली आहेत. मध्ये पावसाळ्यात धबधबा कोसळतो. एकेक मंदिर पाहिले तर आकाराने लहानच, पण हिरव्या उतारावर पांढरी शिखरे एकत्र दिसतात तेव्हा यात्रेकरूची पावले आपोआप मंदावतात. येथील शोभा जागेची जाण, प्रमाण आणि संयम यांतून आलेली आहे. घराच्या दर्शनी भागावर लाखो रुपयांच्या चकचकीत फरशा आणि काचा लावणाऱ्याने हे एकदा पाहून यावे. पश्चिमेची काच वऱ्हाडात घराची भट्टी करते. मग ती भट्टी निववायला यंत्रे लागतात आणि यंत्रांना वीज.

म्हणून जुने सारेच चांगले होते, असे नव्हे. माजघर काळोखे असे आणि त्या काळोखात घरातील बायकांचे आयुष्य जाई. धाब्यावर दरसाल पावसाळ्यापूर्वी माती चोपावी लागे, नाहीतर गळती ठरलेली. वाळवी तुळया पोखरते, जिने उभे आणि अरुंद असतात, शौचालय घराबाहेर दूर असते. सत्तरीच्या आजींनी अशा जिन्यावरून चढावे, असा आग्रह कोणत्याही परंपरेच्या नावाने धरू नये.

वाड्याचा शेवट मात्र पुष्कळदा वाळवीने होत नाही, वाटणीने होतो. दोन भावांत चौकाच्या मधोमध भिंत उभी राहते. हिस्सा फुटाफुटाने बरोबर मोजलेला असतो, पण वारा आणि उजेड मोजणीत धरलेला नसतो. भिंत चढली की दोन्हीकडे उरतात त्या दोन कोंदट बोळी. कागदावर दोघांना अर्धा-अर्धा चौक मिळतो, प्रत्यक्षात चौक कोणालाच मिळत नाही. कित्येक घरे राहण्याजोगी उरत नाहीत ती इथून पुढे, आणि मग पाडण्याखेरीज उपाय सुचत नाही. वाटणीपत्रात खोल्या वेगळ्या करून चौक, आड आणि ढेलज सामाईक ठेवता येतात. त्यासाठी लागणारा समंजसपणा मात्र गवंडी पुरवू शकत नाही.

जे कुटुंब आज या निर्णयापाशी आले आहे, त्याने पाडकामाचा ठेका देण्याआधी एक उन्हाळी दिवस घरात काढावा. दुपारी तीनला कोणती खोली थंड आहे, संध्याकाळचा उजेड कुठवर येतो, वारा कोणत्या दाराने शिरतो, चीर कोणत्या भिंतीला आणि कोणत्या दिशेने गेली आहे, हे लिहून काढावे. ती यादी आणि वाड्याचा मोजून काढलेला नकाशा जाणत्या वास्तुविशारदापुढे ठेवावा. कदाचित वाडा राहील आणि त्यात शौचालय, झरोके व सोपा जिना येईल. कदाचित तो पाडावाच लागेल. तसे झाले तरी नव्या घराला जाड पश्चिम भिंत, लहानसा का होईना चौक आणि मुरमापर्यंत गेलेला पाया मिळेल, आणि जुन्या तुळयांचे सागवान नव्या दारा-खिडक्यांच्या कामी येईल.