टाहोला कोणत्या काठावर उतरायचं?

फ्रीमाँट,
मेअखेर

प्रिय मधू,

फोटो मिळाले. हिरवंनिळं पाणी आणि त्यात गुळगुळीत ग्रॅनाइटचे धोंडे, तो सँड हार्बर. टाहो म्हटलं की सगळे तोच फोटो पाठवतात. बीच देखणा आहे, त्यात वाद नाही. पण ‘त्याच्याच जवळ घर बुक करते’ म्हणालीस, तिथे मी अडले. व्हॉट्सॲपवर हे सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आकाराचा अंदाज घे. लेक टाहो पस्तीस किलोमीटर लांब आणि एकोणीस रुंद आहे, एक तृतीयांश नेवाडात, बाकीचं कॅलिफोर्नियात. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,900 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही अडीचशे मीटर वर. सगळ्यात खोल जागी 501 मीटर पाणी. चुकीच्या बाजूला घर घेतलंस तर रोजचे दोन तास गाडीत जातील, आणि ओवी-अर्णव मागच्या सीटवर काय करतात ते तुला ठाऊक आहे.

गुहागरला निघायचं तर बाबा आधी भरतीची वेळ विचारायचे. टाहोला भरती-ओहोटी नाही, तिथे चौकशी करायची ती वाऱ्याची. उन्हाळ्यात सकाळी तळं शांत असतं. दुपार कलायला लागली की बहुतेक दिवशी नैऋत्येचा वारा सुटतो आणि वरचं तापलेलं पाणी पूर्वेकडे, उत्तरेकडे लोटतो. म्हणून त्या काठांवर पाणी त्यातल्या त्यात सोसवतं, पण दुपारी लाटा उठतात. पश्चिम काठाचं उलटं. तिथे डोंगराचा आडोसा मिळतो, पाणी कसं सपाट दिसतं. पण वारा जोरात वाहत राहिला की वरचं पाणी सरकून जातं आणि खालचं गारढोण पाणी वर येतं. काल मुलं डुंबली त्याच जागी आज पाऊल बुडवलं तरी कळ येते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पश्चिमेला दुपारचा वारा काठाकडून पाण्याकडे वाहतो. फुगवलेला फ्लेमिंगो हातातून सुटला की तो परत येत नाही, सरळ नेवाडाच्या वाटेला लागतो. त्याच्यामागे कुणी पोहत गेलं तर पंचाईत, कारण त्या बाजूला काही ठिकाणी, विशेषतः डी. एल. ब्लिस पार्कजवळ, चार हात पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो. दिसायला सगळ्यात निर्धोक वाटणारा काठ मला म्हणूनच लहान मुलांसाठी सगळ्यात कमी पसंत आहे. 2025 च्या 21 जूनला याच पार्कजवळ अचानक वादळ येऊन एक बोट उलटली आणि आठ माणसं गेली. घाबरवत नाही, पण बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट मोठ्यांनीही घालायचं. तेरा वर्षांखालच्या मुलांना ते कायद्यानेच सक्तीचं आहे.

भर जुलै-ऑगस्टमध्येही वरचं पाणी अठरा ते वीस अंशांच्या घरातलं. ‘समर आहे ना’ म्हणून धावत उडी मारायची नाही. श्वास अडकतो.

बीच केवढा असेल हेही फोटोवरून ठरवू नकोस. टाहो सिटीला तळ्याच्या तोंडावर एक छोटं धरण आहे. त्यामुळे भरपूर बर्फ पडलेल्या वर्षी पाणी नैसर्गिक काठापेक्षा सहा फुटांपर्यंत वर साठवता येतं, आणि सलग दुष्काळ पडला की ते त्या काठाच्याही खाली जातं. फोटोत ऐसपैस वाळू दिसते ती बहुधा कोरड्या वर्षातली. तळं भरलं की त्याच जागी चार चटया जेमतेम मावतात. तुझ्या सासऱ्यांना मात्र हे धरण नक्की दाखव. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला बीचपेक्षा तेच आवडेल. 63 ओढे-नद्या तळ्यात येतात आणि बाहेर पडते ती एकटी ट्रकी नदी, तीही समुद्राला न मिळता नेवाडातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. एवढं सांगून ठेव, मग त्यांची संध्याकाळ त्यांची ते बघतील.

तर माझं मत किंग्ज बीच. उत्तर काठावर, गावाच्या भर रस्त्याला लागून. झाडीत लपलेलं एकांतातलं वगैरे काही नाही, गर्दी असते, पार्किंगला पैसे पडतात. पण वाळू आहे, पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे, बाथरूम जवळ, कॉफी समोर, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना पायऱ्या उतरायला नकोत. सकाळी लवकर पाण्यात जा, वारा वाढला की बाहेर या, जेवा, झोपा. सँड हार्बर तिथून अर्ध्या तासात येतं; एक सकाळ त्याला दे, सगळा मुक्काम नको. तिथलं पार्किंग लवकर भरतं, हायवेला गाडी लावून चालत आत शिरू देत नाहीत, आणि आरक्षणाचे नियम बदलत असतात, म्हणून आधी पार्कची साइट बघ. एमराल्ड बे वरच्या पॉइंटवरूनच पाहा. खाली 1929 सालचा व्हायकिंग्सहोम नावाचा वाडा आहे, पण उतार मैलभराचा, आणि तेवढंच चढून परत यायचं.

हो, आणि सँड हार्बरच्या दक्षिणेला ‘सीक्रेट कोव्ह’ दिसेल. नाव गोड, पाणी त्याहून गोड, फक्त तिथे कपडे ऐच्छिक असतात. सासऱ्यांना घेऊन तिकडे गेलात तर मला लगेच फोन कर, मला सगळं ऐकायचं आहे.

घराची लिंक आधी मला पाठव. शुक्रवारी संध्याकाळी निघू नका, अख्खा बे एरिया तेव्हाच हायवे 80 वर असतो. सनस्क्रीन सासूबाईंनाही लाव; एवढ्या उंचीवर ऊन गार वाटतं आणि भाजतं. चकल्या-लाडवांचे डबे रात्री गाडीत ठेवायचे नाहीत, घरात न्यायचे. तिथल्या अस्वलांना गाडीचं दार उघडता येतं.

तुझी,
ताई