भीमाकाठची पहिली थंडी

कलबुर्गी जिल्ह्याच्या पश्चिमेस, सोलापूरच्या सीमेलगत अफजलपूर तालुका वसला आहे. त्याची ख्याती उन्हाळ्याबद्दल. तथापि परतीचा पाऊस सरून आकाश निवळले, की दिवाळीच्या सुमारास येथील रात्री अकस्मात गारठतात. उत्तरेकडील कोरडे वारे सुटतात आणि ढगांचे पांघरूण नसल्याने दिवसभर तापलेली काळी जमीन आपली ऊब रात्रीतून गमावून बसते. थंड हवा जड. ती सखल भागी उतरते. म्हणूनच गाणगापूरनजीक भीमा-अमरजा संगमावर गेलो असता गावापेक्षा तेथे आम्हांस अधिक हुडहुडी भरली.

महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी कधीकधी दव गोठून हिमकण होतात. तसे येथे सहसा घडत नाही. परंतु पिकाची हानी होण्यास हिमच पडावे लागते असे नाही. ज्वारी फुलोऱ्यात असता पारा १० अंशांखाली उतरला, तर परागकण निकामी होऊन कणसात दाणा कमी भरतो. जाणते शेतकरी अशा वेळी पिकास हलके पाणी देतात. कारण ओली जमीन ऊब अधिक धरते.

पिकाची काळजी धनी घेतो. पण उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत तान्ह्या लेकरांसह निजणाऱ्या तोडणी कामगारांची कोणी घ्यावी? पहाटेच्या काळोखातच त्यांचा कोयता चालू होतो. वाचकहो, आपल्या पेटीत एखादी घोंगडी विनाकारण घडी होऊन पडली असेल, तर ती आजच जवळच्या कोपीत पोहोचवा. थंडी काही नाताळची वाट पाहत नाही.