गिटारची पांढरी कड

गिटारचं खोकं चिकटवून बंद केलं की बघणाऱ्याला वाटतं, झालं आता. माझ्या गिटारच्या बाबतीत सगळ्यात नाजूक काम तिथून पुढे होतं: कडेनं फिरणाऱ्या, दीड मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या पट्टीचं. तिला बाइंडिंग म्हणतात. ती दिसायला शोभेची, पण तिच्यावाचून चालत नाही. स्प्रूसची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. तिच्या कापलेल्या टोकांतून ओल सगळ्यात लवकर आत शिरते आणि वाद्य कुठे आपटलं तर पहिला मार कडेलाच बसतो. पट्टी दोन्ही अडवते.

माझी पट्टी सेल्युलॉइडची. जॉन हायट यांनी १८७० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेलं हे प्लास्टिक हस्तिदंताला पर्याय म्हणून पुढे आलं. त्यात कापूर असतो, त्यामुळे पट्टी खरवडू लागलं की खोलीभर देवघराचा वास पसरतो. तो वास मला फार आवडतो. पण सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, म्हणून त्याची बुकणी मी लगेच गोळा करून बाहेर नेतो.

आमच्या गल्लीत तंबोरे-सतारी दुरुस्त करणारे एक काका राहतात, मूळचे मिरजेचे. तंबोऱ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या साफ करण्यात त्यांचा हात मुरलेला. माझं खोकं त्यांनी उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "घाई करू नको. पट्टी अजून फुगलेली आहे." चिकटवायच्या सिमेंटमधलं द्रावण प्लास्टिकला मऊ करून फुगवतं. त्याच दिवशी ती लाकडाच्या पातळीला आणली, तर द्रावण उडून गेल्यावर ती आक्रसते आणि लाकडाखाली जाते. म्हणून काही दिवस खोकं नुसतं टांगून ठेवलं.

मग पातळी. इथे पॉलिश पेपर सहसा दगा देतो. स्प्रूस मऊ, पट्टी कडक; मऊ पॅडवर कागद घेऊन घासलं की लाकूड आधी झिजतं आणि पट्टी उंचवटा होऊन उभी राहते. वर शिसवीची काळपट धूळ पट्टीच्या बारीक ओरखड्यांत जाऊन बसते. त्यामुळे धार लावलेला पोलादी पत्रा दोन्ही हातांत धरून, पातळ साली काढत गेलो. कंबरेच्या आतल्या वळणात पत्रा मावत नाही, तिथे दाढीचं ब्लेड. ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळून मधे पट्टीच्या रुंदीएवढीच धार उघडी ठेवली, म्हणजे शेजारचं लाकूड वाचतं.

बाजू आणि पाठ शिसवीची. आपल्या पश्चिम घाटातही वाढणारं हे लाकूड. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसवी घ्यायला सुरुवात केली. शिसवीचा जांभळट रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं तर पांढऱ्या पट्टीवर गुलाबी डाग पसरतात. ॲसिटोन तर पट्टीच विरघळवतं. धूळ काढायला मी आधी मऊ ब्रश आणि मग नॅप्थाचं फडकं वापरलं, तेही नेहमी पांढऱ्याकडून काळ्याकडे.

लाखेचं पॉलिशही स्पिरिटमध्येच कालवलेलं. लाकडाची छिद्रं बंद करणारा त्याचा पहिला हात बारीक ब्रशनं, एकदाच, फक्त शिसवीवर फिरवला. तरी थोडा रंग पट्टीवर आलाच. तो येणार हे धरूनच चालायचं असतं. "पुसू नको, खरवड," काका म्हणाले. लाख वाळल्यावर ब्लेड उभं धरून ओढलं. डागाची पातळ साल निघाली आणि खालून स्वच्छ पांढरं आलं. गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यातही रंग फवारल्यावर कडेची पट्टी हातानं, ब्लेडनंच मोकळी करतात.

लॅकरचे थर त्यानंतरच. ते कडक झाल्यावर पाण्यात भिजवलेला ८०० पासून २००० नंबरपर्यंतचा वॉटर पेपर, कडेवर अगदी हलक्या हातानं, कारण तिथला थर सगळ्यात आधी घासून जातो. शेवटी पॉलिशची पेस्ट. आता कडेवरून नख फिरवलं तर लाकूड कुठे संपतं ते कळत नाही.

पुढच्या गिटारला लाकडाचीच कड लाव, डागांची काळजी मिटेल, असं मित्र सुचवतात. मी पांढरीच लावणार आहे. फिकट स्प्रूस आणि गडद शिसवी यांच्यामधून ती रेघ फिरली की वाद्याचा घाट दुरूनही ठसठशीत दिसतो. त्या रेघेसाठी एवढी मेहनत करायला मी पुन्हा आनंदानं बसेन.