भिडस्त जावास्क्रिप्ट

फॉर्ममध्ये मोबाईल नंबराचा एक आकडा कमी पडला की लगेच खाली लाल अक्षरांत टोकते ना, ती बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट असते. पहिल्या भेटीत तिची शिस्त बघून माणूस दबतो. दबू नका. ते टोकणं तिला कुणा प्रोग्रामरनं पढवलेलं असतं. मूळ स्वभाव विचाराल तर बाई कमालीची भिडस्त आहे. ‘नाही’ म्हणणं तिला आजवर जमलेलं नाही.

पाच हा आकडा मजकूर म्हणून द्या, तीन हा खराखुरा आकडा द्या आणि बेरीज सांगा. पायथॉन अशा वेळी तोंडावर सांगतो, हे जमणार नाही. ही मात्र विचार करते, कशाला कुणाचं मन मोडा, आणि दोन्ही शेजारी शेजारी चिकटवून ५३ हातात ठेवते. तेच दोन आकडे वजाबाकीला दिलेत तर २. एकाच माणसाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं सांगितल्यासारखं वाटतं, पण तिच्या लेखी तिनं दोन्ही वेळा तुमची सोयच पाहिली. फॉर्मच्या रकान्यातून वाचलेली किंमत तिच्याकडे मजकूर म्हणूनच येते, हे लक्षात न घेता बेरजा मारणाऱ्याचं बिल मग भलतंच फुगतं. आकडा दारातच नंबर करून घ्यावा, तुलना करताना दोनऐवजी तीन बरोबर चिन्हं लावावीत. दोन चिन्हं दिसली की ती समोरच्याला सावरून घेते. तिसरं दिसलं की नाइलाजानं खरं बोलते.

तारखांच्या बाबतीत तर विचारू नका. वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे देऊन २०२५ च्या फेब्रुवारीची ३० तारीख मागा, हुज्जत न घालता २ मार्च आणून देईल. त्यातून महिने शून्यापासून मोजते आणि दिवस एकपासून. ही खोड मात्र तिची स्वतःची नाही, ती जावाच्या घरून उचललेली.

जावाच्या घराचा विषय निघालाच आहे तर कुळकथा सांगून टाकतो. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईकनं दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. त्याला कंपनीत घेताना आमिष दाखवलं होतं ते ब्राउझरमध्ये स्कीम ही भाषा बसवण्याचं. स्कीम म्हणजे फंक्शनल घराण्यातली. नंतर वरिष्ठांचा हट्ट आला की भाषा जावासारखी दिसली पाहिजे, कारण तेव्हा हवा जावाची होती. नावं तरी किती बदलली! आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. आडनाव जावाचं लावते, पण फंक्शनच्या बाबतीतलं वळण स्कीमकडचं.

ते वळण बघायचं तर तिला मोठं काम एका दमात सांगू नका. खरेदीच्या यादीतून शिल्लक माल फिल्टरनं वेगळा करायला सांगा, मॅपनं प्रत्येकाची किंमत काढायला सांगा, रिड्यूसनं बेरीज करायला सांगा. प्रत्येक टप्प्याला एक छोटं फंक्शन द्या: आत जाईल तेवढ्यावरच काम करणारं, बाहेरच्या कशाला हात न लावणारं. मूळ यादी जशीच्या तशी राहते आणि गडबड झालीच तर कुठल्या टप्प्यावर झाली ते लगेच सापडतं. हिची भीड आवरायला इतका चांगला उपाय दुसरा मला माहीत नाही. भीड चालवायला जागाच कमी उरते.

तरी ती थोडी जागा शोधतेच. मॅपला तुम्ही फंक्शन देता तेव्हा त्याच्या हातात ती वस्तू ठेवते, वर वस्तूचा क्रमांक ठेवते, आणि जाता जाता अख्खी यादीही देऊन टाकते. न मागता. आता मजकुरातल्या १, २, ३ वर मॅपनं पार्सइंट चालवून बघा. पार्सइंटला दुसऱ्या जागी संख्यापद्धतीचा पाया लागतो, तिथं त्याला क्रमांक मिळतो, आणि उत्तर येतं १, नॅन, नॅन. शहाण्यानं पार्सइंटभोवती एकच वस्तू घेणारं छोटं ॲरो फंक्शन गुंडाळावं.

सॉर्ट हा तिचा दुसरा दुखरा कोपरा. १०, ९, १ चढत्या क्रमानं लावायला सांगा. ती १, १०, ९ लावते, कारण तुलनेचं फंक्शन दिलं नाही तर सगळं मजकूर समजून शब्दकोशाच्या क्रमानं बघते. शिवाय मूळ यादीच उलटीपालटी करून ठेवते, मॅप-फिल्टरनं पाळलेलं सोवळं इथं मोडतं. २०२३ च्या प्रमाणित आवृत्तीत टूसॉर्टेड आलं, ते नवी यादी देतं. जुनं सॉर्ट अर्थातच तिथंच आहे.

कारण जुन्याला घराबाहेर काढणं हिच्या रक्तातच नाही. नल म्हणजे काहीच नाही, पण त्याचा प्रकार विचारलात तर सांगते ‘ऑब्जेक्ट’. ही अगदी पहिल्या नमुन्यातली चूक. दुरुस्त करायचा प्रस्तावही येऊन गेला. पण त्या चुकीवर विसंबून चालणारी जुनी पानं मोडतील म्हणून तो बारगळला. २०१८ चा किस्सा याहून भारी. यादीतल्या याद्या सपाट करणारी नवी सोय ‘फ्लॅटन’ नावानं यायची होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातली आणि एक जुनी वेबसाइट मोडली. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीनं याच नावाचं स्वतःचं फंक्शन कधीच टांगून ठेवलं होतं. कुणी गमतीत ‘स्मूश’ हे नाव सुचवलं, त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी नाव ठरलं ‘फ्लॅट’. नव्या सुनेनं जुन्या भाडेकरूसाठी नाव बदलून घेतलं म्हणायचं.

भिडेपोटी ‘झालं’ म्हणून टाकायची सवयही आहे. फॉरईचच्या आत अवेट लिहिलंत तर ती कामं वाटून देते आणि उत्तरांची वाट न बघता पुढं निघते. एकामागून एक हवं असेल तर साधं फॉर-ऑफ वापरा. सगळं एकदम सोडून मग थांबायचं असेल तर प्रॉमिस डॉट ऑल.

मराठी माणसाशी मात्र फार अगत्यानं वागते. टूलोकेलस्ट्रिंगला ‘एमआर-आयएन’ एवढी खूण दिली की १,२३,४५६ असा देवनागरी आकडा स्वल्पविरामांसकट आपल्या पद्धतीनं काढून देते. तोच आकडा परत वाचायला दिलात तर नॅन. लिहिता येतं, वाचता येत नाही. (या लेखातली उदाहरणं करून बघणाऱ्यांनी म्हणूनच आकडे इंग्रजी घालावेत.) नॅन म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. बरं, मग या नॅनचा प्रकार काय, असं विचारून बघा. जराही न अडखळता उत्तर येतं: ‘नंबर’.