झोपलेल्या दहा जणी

दहा कुमारींच्या दाखल्यात एक तपशील आहे, आणि उपदेश ऐकताना तो सहज निसटून जातो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. पाच मूर्ख झोपल्या आणि पाच शहाण्या जागत बसल्या, असं मत्तयने लिहिलेलं नाही. शहाण्याही पेंगल्या, आणि तरी शहाण्याच ठरल्या. दाखल्याच्या शेवटी मात्र प्रभू जागं राहायला सांगतो. म्हणजे त्याला हवं असलेलं जागेपण टक्क उघड्या डोळ्यांचं नाही. हाक आली तेव्हा पाच जणींच्या भांड्यात तेल होतं, पाच जणींच्या नव्हतं, फरक एवढाच. आणि ते तेल झोप लागण्याआधीच भरलेलं होतं. डिसेंबर जवळ आला की नवीन पनवेलपासून खारघरपर्यंत इमारतींच्या गॅलऱ्यांत कागदी चांदण्या टांगल्या जातात, आगमनकाळाचे चार रविवार तयारीचे म्हणून पाळले जातात. ही तयारी नेमकी कशाची, हे त्या भांड्यातल्या तेलावरून ठरतं असं मला वाटतं. प्रीतीहून निराळी अशी तयारी ख्रिस्ती माणसापुढे ठेवलेलीच नाही.

याचा पुरावा त्याच अध्यायात आहे. मत्तयचा पंचविसावा अध्याय कुमारींपासून सुरू होतो, धन्याने दासांकडे सोपवलेल्या पैशांवर येतो आणि मेंढरं-शेरडांच्या निवाड्यावर संपतो. पहिल्या दाखल्यात तेल म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. शेवटी मात्र भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान अशी नावंच घेतली आहेत. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोमने या तेलाचा अर्थ दानधर्म असा लावला, तर संत ऑगस्टिनने प्रीती असा. पुढचा भाग वाचून मागचा उलगडला, तर हे दोन्ही अर्थ मला योग्य वाटतात. आता यावर सरळ आक्षेप असा, की मग शहाण्यांनी आपल्यातलं थोडं तेल का दिलं नाही? तेल जर प्रीती, तर नकार देणाऱ्या प्रेमळ कशा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचं उत्तर कोकणातल्या माणसाला लवकर उमगावं. इथले बेने इस्रायली यहुदी पिढ्यान् पिढ्या तेल गाळत असत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग त्यांचंच. सुंतेच्या वेळी एलिया संदेष्ट्यासाठी खुर्ची राखून ठेवणारे हे लोक वाट पाहणंही जाणतात. घाण्याचा बैल सावकाश फिरतो आणि तेल थेंबाथेंबाने साचतं. मध्यरात्री दार वाजल्यावर घाणा जुंपून काही हाती लागत नाही. प्रीतीचंही तसंच आहे. पैसा उसना मिळतो, धान्य उसनं मिळतं, पण दुसऱ्याने वर्षानुवर्षं माणसांची दुखणी काढून कमावलेलं मन ऐन वेळी मागून आणता येत नाही.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात तर खराखुरा तेलघाणा होता. त्याशिवाय शेती होती, गोठा होता, धोबीकाम, पाव भाजणं, शिवण, विणकाम आणि छापखाना होता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. उपास म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडं वर आलेल्या, वाटेत कुणाच्याही हाती लागू शकणाऱ्या मुली गोळा करून घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे सुमारे २००० जणी होत्या. एवढ्या जणींचं दोन वेळचं जेवण म्हणजे रोजचा डोंगर. आणि याच जागी १९०५ च्या जूनअखेरीस मोठं आध्यात्मिक जागरण झालं; मुली तासन् तास प्रार्थनेत रडत होत्या, पुढे टोळ्या करून गावोगाव साक्ष द्यायला जात होत्या. त्या जागरणाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला अधिक मोलाचं वाटतं ते हे, की त्यानंतरही स्वयंपाक, शेत आणि छापखाना चालूच राहिला. प्रभू येणार अशी श्रद्धा असलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. हे वर्षानुवर्षांचं काम. खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच बायका होत्या. १९२१ च्या जुलैत एकुलती मुलगी मनोरमा गेली, तिच्याच हाती पुढचा कारभार जायचा होता. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल त्यांच्यामागे छापून झालं.

यावर म्हटलं जाईल, आणि तेव्हाही म्हटलं गेलं, की ही प्रीती धर्मांतरासाठी होती. १८९३ मध्ये याच वादातून रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ती माणसं द्वेष्टी नव्हती, त्यांची काळजी खरी होती. ख्रिस्ती वाचकाने तो प्रश्न टाळू नये: भाकरीला अट जोडली की ती भाकरी निवाड्यातल्या कसाला उतरत नाही. पण त्याच कसावर हेही मोजावं लागेल, की दुष्काळात त्या मुलींना उचलायला दुसरं कोण गेलं होतं. दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे. निवाडा होणार म्हणून केलेली सेवा म्हणजे व्यवहार नव्हे काय? इथे मत्तयचा एक बारकावा निर्णायक आहे. निवाड्यात ज्यांना आशीर्वाद मिळतो ते चकित होतात. प्रभूला आपण कधी जेवू घातलं हे त्यांना आठवतच नाही. ज्याने हिशेब ठेवला असता त्याला तारीख सांगता आली असती. आणि जग संपणार म्हणून हातातलं काम सोडणाऱ्यांबद्दल पौलाने थेस्सलनीकाकरांना पूर्वीच लिहून ठेवलं आहे. ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये.

म्हणून पनवेलच्या ख्रिस्ती मंडळींना माझी विनंती आहे. खारघरला टाटांचं कर्करोग केंद्र आहे. दूरदूरच्या राज्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उपचार संपेपर्यंत इथे कुठेतरी राहतात. अनेकांना मराठी येत नाही, रक्त कुठे द्यायचं, स्वस्त खोली कुठे मिळते, कुठल्या खिडकीवर कागद दाखवायचा हे त्यांना विचारावं लागतं. भुकेला, परका आणि आजारी हे तिघे तिथे एकाच माणसात भेटतात. येत्या आगमनकाळात एका रविवारी उपासना आटोपली की घरी जाण्याआधी तिकडे जा. ब्लड बँकेत चौकशी करा, एखाद्या कुटुंबाला जेवणाचं विचारा, त्यांचा धर्म विचारू नका, आणि नाताळ झाल्यावर जानेवारीतही जात राहा.